मराठी चित्रपटाचें परदेशगमन आणि वऱ्हाडचा पाऊस

परदेशांतील एखाद्या चित्रपट-महोत्सवांत मराठी चित्रपटाला मान मिळाल्याची वार्ता वृत्तपत्रांत येते, त्या दिवशीं आपल्या सुशिक्षित घरांतून थोडा आनंद होतो, चहाच्या वेळीं त्या विषयावर चार शब्द बोलले जातात, आणि आठ दिवसांत ती वार्ता विसरली जाते. तो चित्रपट कोणत्या मुलखांतील कोणत्या माणसांविषयीं होता, परक्या लोकांना त्यांत काय दिसलें, आणि तेंच आपल्याला घरीं बसून कां दिसलें नाहीं, हे प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. आम्हां यवतमाळ जिल्ह्यांत राहणाऱ्यांना मात्र ते टाळतां येण्यासारखे नाहींत. २००९ सालीं हॉलंडमधील रॉटरडॅम शहराच्या महोत्सवांत 'गाभ्रीचा पाऊस' या नांवाचा जो मराठी चित्रपट दाखविला गेला, त्यांतील शेत, त्यांतील कर्ज, त्यांतील पाऊस आणि त्यांतील मरणाचें भय हीं सर्व आमच्या दारचीं आहेत. तेव्हां आपल्या दारची गोष्ट इतक्या दूरवर कशी गेली, तिच्या आधीं कोणकोणत्या गोष्टी त्या वाटेनें गेल्या होत्या, आणि गेल्यानें काय साधलें, याचा थोडा इतिहास पाहणें अस्थानीं होणार नाहीं.

या इतिहासाचा आरंभ दादासाहेब फाळक्यांपासूनच केला पाहिजे. १९१२ च्या आरंभीं ते लंडनला गेले ते यंत्रें विकत घेण्यासाठीं व विद्या संपादन करण्यासाठीं. 'बायोस्कोप' नांवाच्या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांची त्यांनीं कसलीहि पूर्वओळख नसतां भेट घेतली. त्या गृहस्थाच्या मध्यस्थीनें हेपवर्थ यांच्या वॉल्टन येथील चित्रशाळेंत त्यांना प्रवेश मिळाला. आणि विल्यमसन बनावटीचा कॅमेरा घेऊन ते परत आले. ३ मे १९१३ रोजीं मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहांत 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढें आला. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९१४ सालीं, फाळके पुन्हां लंडनला गेले, आणि या वेळीं त्यांच्या सामानांत 'राजा हरिश्चंद्र', 'मोहिनी भस्मासुर' व 'सत्यवान सावित्री' हे तीन चित्रपट होते. दोन वर्षांपूर्वीं जो शिष्य म्हणून आला होता, तो आतां आपलें काम दाखवावयास आला होता. तेथील जाणत्या मंडळींनीं त्याच्या यांत्रिक कौशल्याची तारीफ केली, आणि तेथेंच राहून चित्रपट काढावे अशी विनंतीहि त्याला झाली. फाळक्यांनीं ती नाकारली. तेवढ्यांत महायुद्ध पेटलें, भांडवलाचे मार्ग आटले, आणि परत येऊन त्यांना नव्यानें जुळवाजुळव करावी लागली.

या प्रसंगांत ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट अशी कीं, त्या काळीं चित्रपटाचा महोत्सव म्हणून कांहीं वस्तुच जगांत नव्हती. चित्रपट आणि तो करणारा हे दोघे एकत्रच प्रवासाला निघाले, आणि त्यांनीं एकत्रच परक्यांसमोर उभें राहून आपली ओळख करून दिली. पुढें कित्येक वर्षें हें साहचर्य तुटलें. चित्रपट डब्यांत बंद होऊन बोटीनें जाऊं लागले, आणि करणारे घरींच राहून बातमीची वाट पाहूं लागले.

नियमानें भरणारा पहिला मोठा महोत्सव इटलींतील व्हेनिस येथें १९३२ सालीं सुरू झाला. पुण्याच्या प्रभात कंपनीचा 'अमरज्योति' १९३६ सालीं तेथें दाखविला गेला. १९३७ सालच्या पांचव्या महोत्सवांत त्याच कंपनीचा 'संत तुकाराम' गेला, आणि त्याला विशेष सन्मान मिळाला. जगांतील तीन उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली, असें मराठी चित्रपटाचे इतिहास सांगत आले आहेत. विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल यांनीं दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १२ डिसेंबर १९३६ रोजीं मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहांत लागला होता, आणि तेथें तो सत्तावन्न आठवडे चालला. म्हणजे व्हेनिसनें मान डोलावण्याच्या कितीतरी आधीं महाराष्ट्रानें त्याच्यापुढें हात जोडले होते. परदेशच्या सन्मानानें त्याची लोकप्रियता वाढली असें नव्हे. ती अगोदरच कळसास पोंचली होती.

ज्या व्यासपीठावर देहूच्या वाण्याची ही कथा गेली, तें व्यासपीठ मात्र निर्मळ नव्हतें. त्या महोत्सवाचें सर्वांत मोठें पारितोषिक मुसोलिनीच्या नांवाचें होतें. १९३८ सालीं जर्मन सत्तेच्या गौरवास पोषक असा 'ऑलिंपिया' हा चित्रपट तेथें गौरविला गेला, तेव्हां फ्रेंच व इतर मंडळी रुष्ट झालीं, आणि त्यांतूनच कान येथील महोत्सवाची कल्पना निघाली. तो १९३९ च्या सप्टेंबरांत भरावयाचा, तों दुसरें महायुद्ध उभें राहिलें. प्रत्यक्षांत तो १९४६ सालीं भरला, आणि त्या पहिल्याच खेपेस चेतन आनंद यांच्या 'नीचा नगर' या हिंदी चित्रपटास तेथील सर्वोच्च मानांत वांटा मिळाला. हें सांगण्याचा हेतु इतकाच कीं, महोत्सवाचा निकाल म्हणजे वेदवाक्य नव्हे. त्यामागें सरकारें असतात, रुसवेफुगवे असतात, त्या त्या वर्षाची हवा असते. पदक हें चित्रपटाच्या गुणाचें प्रमाण मानण्यापेक्षां, अनोळखी माणसांनीं तो एकाग्रतेनें पाहिला एवढाच त्याचा अर्थ घेणें शहाणपणाचें आहे. आणि आपण त्या पदकांचा तरी मान कितपत राखतों? व्हेनिसचें तें सन्मानपत्र कित्येक वर्षें बेपत्ता होतें. २००४ सालीं तें पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे परत आलें.

स्वातंत्र्यानंतर दृश्य पालटलें. बर्लिनचा महोत्सव १९५१ सालीं निघाला, आपल्या देशाचा पहिला आंतरराष्ट्रीय महोत्सव १९५२ च्या जानेवारींत मुंबईस भरला, आणि १९५६ सालीं कान येथें 'पथेर पांचाली'चा गौरव झाला. मराठी माणसाच्या दृष्टीनें त्या काळांतील संस्मरणीय घटना म्हणजे व्ही. शांताराम यांच्या 'दो आँखें बारह हाथ' या चित्रपटास १९५८ सालीं बर्लिन येथें मिळालेलें रौप्य अस्वल. भाषा हिंदी असली तरी त्याची नाळ महाराष्ट्राच्या मातींत पुरलेली होती. औंध संस्थानांत आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथें कैद्यांची जी मोकळी वसाहत झाली, तिच्यावरून त्याची कथा सुचली होती, आणि ती लिहिली होती ग. दि. माडगूळकरांनीं. हेच माडगूळकर १९७३ सालीं आमच्या यवतमाळास भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. लोक त्यांना गीतकार म्हणून ओळखत होते. परंतु बर्लिनला गेलेल्या त्या कथेचा कर्ता म्हणून त्यांच्याकडे पाहिलें, तर एक निराळीच संगति लागते. त्या चित्रपटांत सहा खुनी कैदी उजाड जमीन हिरवी करतात. पण त्यांच्या मार्गांत खरें विघ्न उभें राहतें तें बाजारांत. भाजी स्वस्त विकूं लागल्याबरोबर व्यापाऱ्यांचें पित्त खवळतें. शेतांत घाम गाळणारा माणूस बाजारांत पोंचल्यावर हरतो, ही गोष्ट कापसाच्या मुलखांतील श्रोत्यांना समजावून सांगावी लागण्यासारखी नव्हती.

आतां कापसाकडेच वळूं. आमचा जिल्हा १९०५ सालापर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जात असे. वर्धा आणि पैनगंगा या दोन नद्यांमधील हा काळ्या मातीचा प्रदेश वऱ्हाडच्या इतर भागांबरोबर १८५३ सालच्या तहानें निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं आला, आणि अमेरिकेंतील १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धांत तेथील कापूस मिळेनासा झाला तेव्हां लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडावर खिळली. विसाव्या शतकाच्या आरंभीं यवतमाळहून मुर्तिजापुरापर्यंत अरुंद रुळांची आगगाडी आली. किलिक निक्सन या इंग्रज पेढीच्या कारभारांतील ही गाडी लोकांच्या तोंडीं 'शकुंतला' झाली. कापसाच्या गांठी तिनें मुर्तिजापुरास न्यावयाच्या, तेथून मुंबईच्या बंदरावर, आणि बंदरावरून मँचेस्टरकडे. मँचेस्टरलाच १९२१ सालीं बांधलेलें एक इंजिन ती १९९४ पर्यंत ओढीत होतें. पुढें ती गाडीहि बंद पडली.

पाऊणशें-शंभर वर्षें आमच्या जिल्ह्यानें परदेशाला काय पाठविलें, याचें उत्तर असें एका शब्दांत देतां येतें. कापूस पाठविला. तो पिकविणारा माणूस कसा जगतो हें त्या गांठींवर कोठें लिहिलेलें नव्हतें, आणि तें विचारण्याचें खरेदीदाराला कारणहि नव्हतें. भाव ठरे तो लिव्हरपूलच्या बाजारांत. पाऊस पडे तो येथें. आणि दोहोंच्या मध्यें सावकाराची वही. स्वातंत्र्यानंतर लिव्हरपूल गेलें, १९७२ सालीं महाराष्ट्र सरकारची एकाधिकार कापूस खरेदी योजना आली, कांहीं काळ तिनें आधारहि दिला, आणि मग तीहि खिळखिळी झाली. २००२ सालीं बीटी कापसास परवानगी मिळाली. बियाणें महागलें, फवारणी महागली, आणि शेत मात्र कोरडवाहूच राहिलें. कोरडवाहू शेतांत महागडें बियाणें पेरणें म्हणजे उसनें घेतलेल्या पैशांवर आभाळाशीं जुगार खेळणें होय. पहिली पेरणी वाळली कीं दुबार पेरणी, तिच्यासाठीं दुसरें कर्ज. बँकेचें दार लागलें कीं सावकाराचें.

या अवस्थेचा शेवट कोठें होतो तें महाराष्ट्राला १९८६ सालीं कळावयास हवें होतें. त्या वर्षीं १९ मार्च रोजीं आमच्याच जिल्ह्यांतील महागांव तालुक्यामधील चिलगव्हाण येथील एका शेतकऱ्यानें पत्नी व मुलांसह जीवन संपविलें. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची मोजदाद करणारे पुष्कळ लोक त्या दिवसापासून आरंभ करतात, आणि दरवर्षीं त्या तारखेस उपवास करणारेहि आहेत. पुढें वीस वर्षें गेलीं. २००६ च्या जुलैमध्यें पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भांत आले, आणि यवतमाळसह सहा जिल्ह्यांकरितां ३,७५० कोटि रुपयांची योजना जाहीर झाली. तोंपर्यंत या मरणांची बातमी वृत्तपत्राच्या आंतल्या पानावरील एका आंकड्यापुरती उरली होती. आंकड्याचा एक दोष असा कीं, तो जितका वाढतो तितका वाचणाऱ्याच्या मनावर होणारा त्याचा परिणाम कमी होतो.

'गाभ्रीचा पाऊस' निघाला तो या काळांत. त्याचे लेखक-दिग्दर्शक सतीश मनवर हे विदर्भाचेच. चित्रपटांत मरणाचे आंकडे नाहींत, भाषणें नाहींत. शेजारच्या शेतकऱ्यानें आत्महत्या केली आहे, आणि किसना नांवाच्या शेतकऱ्याची बायको अलका हिच्या मनांत भयानें घर केलें आहे कीं, आपलाहि नवरा तसेंच तर कांहीं करणार नाहीं ना! ती नवऱ्याला हें विचारूं शकत नाहीं. मग ती आपल्या लहान मुलाला बापाच्या पाठोपाठ पाठविते. जेथें बाप जाईल तेथें पोरानें जावयाचें. घरांत त्याचें मन राखावें, गोडधोड करावें, त्याला एकटें सोडूं नये, अशी तिची धडपड. बिचाऱ्या किसनाला या पाळतीचें कारणच उमगत नाहीं, आणि त्यांतून प्रेक्षकाला हंसूं येतें. तें हंसूं ओठांवर असतांनाच पाऊस लांबतो, आणि येतो तेव्हां नको तसा येतो. गिरीश कुलकर्णी यांचा किसना, सोनाली कुलकर्णी यांची अलका आणि ज्योती सुभाष यांची म्हातारी यांच्या घरांत दोन तास बसून आलेला माणूस वृत्तपत्रांतील आंकडा पूर्वीसारखा वाचूं शकत नाहीं.

येथें आम्हांला 'संत तुकारामां'तील जिजाईची आठवण होते, आणि ती केवळ योगायोगानें होते असें वाटत नाहीं. परंपरा सांगते कीं दुष्काळानें पोळलेल्या तुकोबांनीं सावकारीचीं खतें इंद्रायणींत बुडविलीं. नवरा देवाचा झाला. संसार, उपाशी पोरें आणि उद्यांची भाकरी हीं जिजाईच्या वांट्यास आलीं. गौरी या नटीनें उभी केलेली ती जिजाई पोर आजारी पडल्यावर पायांतील वहाण हातांत घेऊन देवळांत शिरते, आणि विठोबाला जाब विचारते. हा प्रसंग पाहून भाविकांचें मन दुखावलें नाहीं, कारण त्या रागामागचें नातें प्रत्येकाच्या ओळखीचें होतें. परक्याला कोणी असें बोलत नाहीं. वऱ्हाडी शेतकऱ्यानें पावसाला दिलेली 'गाभ्रीचा' ही शिवी त्याच जातीची आहे. ज्याच्यावाचून चालत नाहीं आणि जो वेळेवर येत नाहीं, अशा घरच्याच माणसाला द्यावी तशी ती आहे. इंग्रजी नांवांत तिचें भाषांतर 'द डॅम्ड रेन' असें झालें आहे. शापाचा अर्थ त्यांत उतरला. जिव्हाळा मात्र भाषांतरांत येणें शक्यच नव्हतें.

भाषेचा हा प्रश्न थोडा अधिक उकलून पाहण्याजोगा आहे. पडद्याच्या खालच्या कडेस जी इंग्रजी ओळ उमटते, तिला 'मला' आणि 'मले' यांतील भेद ठाऊक नसतो. 'काहून' या एका शब्दांत वऱ्हाडी माणूस कधीं प्रश्न विचारतो, कधीं नवल करतो, कधीं भांडण उकरतो. खालच्या ओळींत त्या सर्वांचें एकच उत्तर असतें. पण हा तोटा केवळ रॉटरडॅमच्या प्रेक्षकाचाच होतो असें समजूं नये. पुण्यामुंबईच्या पुष्कळ सुशिक्षितांना वऱ्हाडी बोली ही विनोदी पात्राच्या तोंडीं घालावयाची वस्तु वाटत आली आहे. ज्या भागांत रिद्धपुरास 'लीळाचरित्र' लिहिलें गेलें, म्हणजे जेथें मराठी गद्यानें पहिलें पाऊल टाकलें, त्या भागाच्या बोलींत एक कुटुंब आपलें दुःख गंभीरपणें बोलतें, हें मराठी प्रेक्षकालाहि नवीन होतें. त्या दृष्टीनें डच प्रेक्षक आणि पुणेरी प्रेक्षक यांच्यामधील अंतर आपण समजतों तितकें मोठें नाहीं.

आतां रॉटरडॅमविषयीं. हा महोत्सव हुबर्ट बाल्स नांवाच्या गृहस्थानें १९७२ सालीं सुरू केला. पहिल्या रात्रीं सभागृहांत अवघे सतरा प्रेक्षक होते असें सांगतात, आणि तरीहि त्यानें तो बंद केला नाहीं. बड्या नटनट्यांच्या मिरवणुकींपेक्षां, ज्यांचें नांव कोणी ऐकलें नाहीं अशा दिग्दर्शकांचें पहिलेंदुसरें काम शोधून दाखवावयाचें, असें त्या महोत्सवाचें धोरण राहिलें. बाल्स १९८८ सालीं वारला. आशिया, आफ्रिका व दक्षिण अमेरिका या खंडांतील होतकरू दिग्दर्शकांना साहाय्य देण्यासाठीं त्याच्या नांवानें निधि उभा राहिला. मराठी चित्रपटाला हा दरवाजा योग्य वेळीं उघडा सांपडला. संदीप सावंत यांचा 'श्वास' २००४ सालीं ऑस्करसाठीं भारतातर्फें पाठविला गेला, आणि त्याच्या अमेरिकेंतील प्रचाराचा खर्च लोकवर्गणीनें उभारण्याची खटपट झाली, तेव्हांपासून लहान भांडवलाच्या मराठी चित्रपटांना धीर आला होता. उमेश कुलकर्णी यांचा 'वळू' २००८ सालीं रॉटरडॅमला गेला. पुढच्या वर्षीं 'गाभ्रीचा पाऊस'.

अशा महोत्सवांत फाळक्यांच्या वेळचें तें जुनें साहचर्य पुन्हां जुळलेलें दिसतें. चित्रपट संपतो, दिवे लागतात, आणि करणारा माणूस स्वतः पडद्यापुढें येऊन उभा राहतो. प्रेक्षक त्याला प्रश्न विचारतात. येथें त्याच्यावर एक विलक्षण जबाबदारी येते. ज्या प्रेक्षकानें कपाशीचें बोंड कधीं पाहिलेलें नाहीं, त्याला दुबार पेरणी म्हणजे काय, सावकार म्हणजे कोण, आणि एवढा कष्टाळू माणूस मरणाकडे कां वळतो, हें चार वाक्यांत सांगावयाचें असतें. तो आपल्या कलेविषयीं बोलावयास उभा राहतो आणि आपल्या जिल्ह्याचा वकील होऊन बसतो. मुंबईशीं १९६८ पासून भगिनीशहराचें नातें असलेल्या जर्मनींतील स्टुटगार्ट येथें, तसेंच न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस व लंडन येथें निव्वळ भारतीय चित्रपटांचे महोत्सव भरूं लागले. कॅलिफोर्नियांतील सॅन होजे येथें २०२४ सालीं मराठी चित्रपटांचाच महोत्सव भरला. तेथें प्रेक्षकांत आपलींच कुटुंबें मोठ्या संख्येनें असतात. त्यांचा प्रश्न निराळा असतो. परका विचारतो, हें असें कां घडतें. आपला माणूस पुष्कळदां विचारतो, हें लोकांना कशाला दाखवितां?

हा दुसरा आक्षेप जुना आहे, आणि तो तुच्छतेनें बाजूस सारण्यासारखा नाहीं. १९८० सालीं नर्गीस दत्त यांनीं सत्यजित राय यांच्याविषयीं तो जाहीरपणें घेतला होता: देशाचें दारिद्र्य परदेशांत नेऊन मान मिळविणें हें योग्य नव्हे, असा त्याचा आशय होता. आक्षेपांत सत्याचा अंश आहे. परक्यांच्या दयेला आवाहन करण्यासाठीं गरिबीचीं चित्रें सजविणारे कलावंत जगांत आहेत, आणि त्यांना दाद देणारे महोत्सवहि आहेत. परंतु त्याची कसोटी सोपी आहे. चित्रपटांतील माणूस केवळ पीडित म्हणून दिसतो, कीं त्याला स्वतःचा स्वभाव, विनोद, हट्ट आणि अब्रू आहे? किसना चिडतो, थट्टा करतो, शेतावर जीव लावतो. अलका कपटानें कां होईना पण नवऱ्याला जगविण्याची युक्ति काढते. ज्यांच्याबद्दल नुसती कींव वाटावी अशीं हीं माणसें नाहींत. शिवाय, ज्या जिल्ह्याचा कापूस परदेशीं जात असतां कोणाची अब्रू गेली नाहीं, त्याच जिल्ह्याची कापूस पिकविणारी बाई पडद्यावर गेल्यानें अब्रू जाते, हें म्हणणें आम्हांला पटत नाहीं. अब्रू जाते ती तिच्यावर तशी वेळ आल्यानें, दाखविल्यानें नव्हे.

त्यानंतरच्या वर्षांत मराठी चित्रपटाची ही वाट रुंद होत गेली. अविनाश अरुण यांच्या 'किल्ला'स २०१४ सालीं बर्लिनच्या बालविभागांत स्फटिक अस्वल मिळालें. त्याच वर्षीं चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' व्हेनिसला गौरविला गेला. त्यांतील लोकशाहिराची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनीं केली होती. ताम्हाणे यांच्याच 'द डिसायपल'ला २०२० सालीं तेथें उत्तम पटकथेचें पारितोषिक मिळालें. रोहन कानवडे यांच्या 'साबर बोंडं'नें २०२५ च्या जानेवारींत अमेरिकेंतील सनडान्स महोत्सवांत परदेशी कथाचित्रांमधील सर्वोच्च पारितोषिक मिळविलें. देहूपासून निघालेली ही रांग पाहिली म्हणजे एक गोष्ट उघड होते. परक्यांना आवडावें म्हणून परक्यांसारखें केलेलें यांत कांहीं नाहीं. कोंकणांतील पावसाळी गांव, मुंबईचें कनिष्ठ न्यायालय, हिंदुस्थानी गायकाची खोली, सुतकांतील खेडें असें एकेक ठिकाण निवडून तेथील माणसें नीट पाहिलीं, एवढेंच या मंडळींनीं केलें.

मग यांतून आमच्या जिल्ह्याला काय मिळालें? चित्रपटानें कर्ज फिटलें नाहीं, आणि पाऊसहि वेळेवर पडूं लागला नाहीं. २०१७ सालीं कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन याच जिल्ह्यांत शेतकरी व शेतमजूर मेले. मात्र २०१९ च्या जानेवारींत यवतमाळला ब्याण्णवावें साहित्य संमेलन भरलें, तेव्हां एक निराळी घटना घडली. उद्घाटनास बोलाविलेल्या इंग्रजी लेखिका नयनतारा सहगल यांचें निमंत्रण मागें घेतलें गेलें. त्यावरून मोठा क्षोभ झाला. आणि अखेर आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याच्या पत्नीच्या हस्तें संमेलनाचें उद्घाटन झालें. शेतकऱ्यांच्या विधवांवरील 'तेरवं' या नाटकांत त्या बाईंनीं कामहि केलें होतें. निमंत्रण मागें घेणाऱ्यांचें वर्तन शोभणारें नव्हतें, हें स्पष्ट बोलूनहि असें म्हणतां येईल कीं, त्या दिवशीं अलकेसारखी एक बाई पडद्यावरून उतरून व्यासपीठावर आली, आणि चार हजार मैलांवर नव्हे, तर आपल्याच गांवीं, आपल्याच भाषेंत बोलली.

आम्हांला त्या घटनेंत पुढच्या कर्तव्याची दिशा दिसते. 'संत तुकाराम' आधीं महाराष्ट्रानें पाहिला आणि मग व्हेनिसनें. ती क्रमवारी आतां उलटी झाली आहे. लहान भांडवलाचा चित्रपट आधीं परदेशीं जातो, मग मुंबईपुण्यांतील एखाददुसऱ्या चित्रगृहांत आठवडाभर टिकतो, आणि ज्या तालुक्याची ती कथा असते तेथें बहुधा पोंचतच नाहीं. एके काळीं जत्रेंतल्या तंबूंत सिनेमा खेड्यापर्यंत जाई; ते तंबू गेले, आणि तालुक्याच्या गांवचीं जुनीं चित्रगृहेंहि एकामागून एक बंद पडलीं. ही पोकळी सरकारनें भरून काढावी असें म्हणून स्वस्थ बसण्याचें कारण नाहीं. प्रत्येक महाविद्यालयांत एक सभागृह आहे, प्रत्येक तालुक्यांत एक वाचनालय आहे, आणि चित्रपट दाखविण्याचें यंत्र आज पूर्वीसारखें दुर्मिळ राहिलेलें नाहीं. कळंबला, घाटंजीला, पांढरकवड्याला, महागांवला हे चित्रपट निर्मात्यांची रीतसर परवानगी घेऊन दाखवावे. शक्य तेथें करणाऱ्यांना बोलवावें. आणि दिवे लागल्यावर प्रश्न विचारण्याचा पहिला अधिकार शेतकऱ्यांना व त्यांच्या घरच्या बायकांना द्यावा. रॉटरडॅमच्या प्रेक्षकांनीं त्या दिग्दर्शकाला जें विचारलें असेल, त्याहून अवघड प्रश्न त्याला तेथें ऐकावे लागतील. त्यांतील कांहीं प्रश्न दिग्दर्शकाला उद्देशून नसतील. ते पहिल्या रांगेंत बसलेल्या आम्हां पगारदार, सुशिक्षित मंडळींना असतील, आणि त्यांचीं उत्तरें देण्याची तयारी करूनच आम्हीं त्या रांगेंत बसलें पाहिजे.